समोर होतं, तरी दिसलं नाही

(देरा, दुबई इथे झालेल्या आपल्या बैठकीतल्या भाषणाचा मजकूर. बोलताना काही चित्रफिती दाखवल्या होत्या. त्या इथे देता येत नाहीत, म्हणून तेवढ्यापुरती चार वाक्यं वाढवली आहेत.)



संयोजकांनी मला 'मेंदू आणि दृष्टी' असा विषय दिला होता. तासाभरात तो आवाक्यात येणारा नाही. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतला आहे. एखादी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर, भरपूर उजेडात, अगदी भडक रंगात असूनही आपल्याला दिसत नाही, असं का होतं? आणि दुसरीकडे, ज्या गोष्टीशी आपलं काही देणंघेणं नाही तिच्याकडे नजर आपसूक का वळते?

सुरुवात एका कबुलीने करते. दोनेक महिन्यांपूर्वी संध्याकाळी मी इथेच, देऱ्यात, एका आडरस्त्यावरून मुख्य रस्त्यावर गाडी काढत होते. उजवीकडे वळायचं होतं. मी थांबले, डावीकडे पाहिलं. पाहिलं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. एक मोठी गाडी गेली, तिच्यामागे मोकळी जागा दिसली, म्हणून मी गाडी पुढे घेतली आणि करकचून ब्रेक दाबावा लागला. माझ्या बॉनेटपासून हातभर अंतरावर जेवणाचे डबे पोचवणारा एक मोटरसायकलवाला कसाबसा तोल सावरत उभा होता. अंगात केशरी जाकीट, मागे भलीमोठी रंगीत पेटी. त्याला लागलं नाही. तो रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, मैं तो सामने ही था."

गेली वीसेक वर्षं मी दृष्टी आणि अवधान याच विषयात काम करते. त्यामुळे घरी जाऊन मला एक समाधान मिळालं असतं, की 'हे तर पुस्तकातलं उदाहरण झालं'. पण तसं समाधान मिळालं नाही. म्हणून हे भाषण.

डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे

आपली अशी समजूत असते, की डोळे उघडले की समोरचं सगळं दिसतं. प्रत्यक्षात हात लांब करून अंगठा वर धरला, तर त्याच्या नखाएवढ्या, फार तर दुप्पट, भागातच आपल्याला बारकाईने दिसतं. दृष्टिपटलाच्या मधोमध एक छोटासा खळगा असतो, त्याचं हे काम. बाकीचा सगळा परिसर धूसर असतो. तो धूसर वाटत नाही, कारण डोळे दर सेकंदाला तीन-चार उड्या मारत असतात आणि मेंदू तुकडे जोडत असतो. म्हणजे आपल्याला 'अखंड' वाटणारं चित्र हे बरंचसं मेंदूने केलेलं संपादन आहे.

दुसरी मर्यादा आणखी कडक आहे. १८७१ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. पेटीत मूठभर घेवड्याचे दाणे टाकायचे आणि क्षणभर बघून किती पडले ते सांगायचं. तीन-चार दाणे असतील तर कधीच चूक होत नाही. पाचापासून चुका सुरू होतात, आणि दाणे वाढतील तशा त्याही वाढत जातात. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९९७ साली, ल्यूक आणि व्होगेल या अमेरिकन संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर रंगीत चौकोन दाखवून हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे तपासली. क्षणभर पाहिलेल्यातून आपण साधारण चार वस्तू लक्षात धरू शकतो.

आपल्याकडे 'अष्टावधानी' आणि 'शतावधानी' हे शब्द आहेत. गांधीजींवर ज्यांचा मोठा प्रभाव होता त्या रायचंदभाईंनी, म्हणजे श्रीमद राजचंद्रांनी, १८८७ साली मुंबईत शतावधानाचा प्रयोग करून दाखवला होता. स्मरणशक्तीचा तो थक्क करणारा पराक्रम होता, यात शंका नाही. पण शतावधानी माणूस एकाच क्षणी शंभर गोष्टींकडे लक्ष देत नाही. तो एकीकडून दुसरीकडे फार चपळाईने जातो आणि प्रत्येक ठिकाणी काय सोडून आलो ते विसरत नाही. घरातल्या बाईला आपण कौतुकाने 'अष्टावधानी' म्हणतो तेव्हाही हेच घडत असतं. दूध, कुकर, मुलाचा अभ्यास आणि दारावरची बेल एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. एकेकाकडे धावावं लागतं आणि प्रत्येक धावेला थोडी किंमत मोजावी लागते. कौतुकापेक्षा त्यातलं एखादं काम कुणी उचललं तर ते अधिक शास्त्रीय ठरेल!

नजर कोण ओढतं?

आता लक्ष जर इतकं थोडं असेल, तर ते कुठे जावं हे कोण ठरवतं? ढोबळमानाने दोन धनी आहेत. एक आपण स्वतः, म्हणजे आपला हेतू. किल्ली शोधायची असेल तर मेंदू किल्लीसारख्या आकारांना पुढे घालतो. दुसरा धनी बाहेरचा. चमकणारं, हलणारं, एकाएकी उगवणारं, शेजाऱ्यांपेक्षा वेगळं असं काहीतरी.

देऱ्याच्या सोनेबाजारात दोन्ही धनी एकदम भेटतात. तिथे एका दुकानाच्या काचेमागे सुमारे ६४ किलोची एक अवाढव्य अंगठी ठेवलेली आहे. 'नजमत तैबा' हे तिचं नाव, २००० साली ती घडवली. आपण बहुतेकांनी पाहुण्यांना ती दाखवायला नेलेलं आहे. ती नेमकी का दिसते? सोन्याची म्हणून नाही. त्या बाजारात सोनं सोडून आहेच काय? आकाराने ती इतरांपेक्षा वेगळी आहे म्हणून ती दिसते. अॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० साली मांडलेला सिद्धान्त हाच. हिरव्या ठिपक्यांत एकच लाल ठिपका असेल तर हिरवे दहा असोत की पन्नास, लाल ठिपका तत्काळ उठून दिसतो. पण 'लाल आणि उभी' रेघ शोधायची असेल, आणि आजूबाजूला लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांची गर्दी असेल, तर एकेक रेघ तपासत जावं लागतं. जितकी गर्दी जास्त, तितका वेळ जास्त.

म्हणजे ठळकपणा हा वस्तूचा गुण नसून वस्तू आणि तिच्या शेजाऱ्यांमधलं नातं आहे. सोनेबाजारात शंभर हार एकत्र लखलखतात तेव्हा कुठलाच हार ठळक नसतो. बनियास चौकात संध्याकाळी सगळ्याच पाट्या पेटतात, तेव्हा जो तो दुकानदार अधिक प्रखर दिवा लावतो आणि आपण मात्र फक्त डोळे मिचकावत राहतो.

बाहेरचा धनी किती जबरदस्त आहे, हे यान थेवेस या डच संशोधकाने १९९२ साली दाखवलं. लोकांना एक विशिष्ट आकार शोधायला सांगितला होता. पडद्यावर एक वेगळ्या रंगाची आकृतीही होती, आणि तिचा शोधाशी काहीच संबंध नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरीही ती असली की शोध मंदावायचा. 'तिकडे बघू नका' असं बजावणं पुरेसं पडत नाही.

यावरून एक निष्कर्ष सरळ निघाल्यासारखा वाटतो. भडक असेल ते दिसणारच. मग माझ्या समोरचं केशरी जाकीट कुठे गेलं?

गोरिला, आणि त्यानंतरचं

डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांचा १९९९ सालचा प्रयोग तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. मघाशी चित्रफीत लावली तेव्हा चार-पाच जण गालातल्या गालात हसलेच. पांढऱ्या शर्टातले तीन आणि काळ्या शर्टातले तीन खेळाडू चेंडू फेकत असतात. पांढऱ्यांनी किती वेळा चेंडू फेकला ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा वेष केलेली एक व्यक्ती येते, मधोमध उभी राहून छाती बडवते आणि निघून जाते. साधारण निम्म्या लोकांना गोरिला दिसत नाही. पुन्हा दाखवल्यावर 'ही चित्रफीत वेगळीच आहे' असं ते भांडून सांगतात.

एक तपशील बऱ्याचदा सांगायचा राहून जातो. पांढऱ्या संघावर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा काळ्या संघावर लक्ष ठेवणाऱ्यांना गोरिला जास्त दिसला. गोरिला काळा होता, आणि ते 'काळं' शोधतच होते! पांढऱ्यांवर नजर ठेवणाऱ्यांच्या मेंदूने काळं ते सगळं बाजूला सारायचं ठरवलं होतं, त्यात गोरिलाही गेला.

मग स्टीव्हन मोस्ट, सायमन्स आणि सहकाऱ्यांनी २००१ साली थेट आपलाच प्रश्न विचारला. काळे आणि पांढरे आकार पडद्यावर फिरत आहेत, त्यातल्या एका रंगाकडे लक्ष ठेवायचं आहे. अशा वेळी एक झगझगीत लाल क्रूस पाच सेकंद पडद्यावरून सरकत गेला. रंग वेगळा, आकार वेगळा, चाल वेगळी. तरी जवळपास ३० टक्के लोकांना तो दिसला नाही. नुसत्या भडकपणाने काम भागत नाही, हे तेव्हाच पक्कं झालं.

'आम्ही शिकलेले, आम्ही तज्ज्ञ, आमचं असं होत नाही' असं कुणाच्या मनात येत असेल तर २०१३ सालचा प्रयोग ऐका. ट्राफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी २४ अनुभवी रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या यंत्रावरून कळलं, की त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. नजर पडणं आणि दिसणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

शास्त्रात याला नाव आहे. मी त्याला मराठीत 'अनवधानाचं आंधळेपण' म्हणते. आपण पत्रात लिहायचो ना, 'अनवधानाने राहून गेले'? तेच हे. त्यात हयगय असतेच असं नाही. लक्ष दुसरीकडे खर्च झालेलं असतं.

अलीकडे या चित्रात दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या आहेत. २०२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पास्कल वॉलिश आणि सहकाऱ्यांनी दीड हजारांहून अधिक लोकांवर प्रयोग केले. त्यांनी गोरिलाचा वेग बदलला. गोरिला झपाट्याने गेला तर तो जास्त लोकांना दिसला. मग त्यांनी साध्या आकृत्या घेऊन तपासलं. इतरांपेक्षा जलद जाणारी आकृती दिसते. इतरांपेक्षा संथ जाणारी आकृतीही तितकीच वेगळी असते, पण ती तशी दिसत नाही. म्हणजे महत्त्व नुसत्या वेगळेपणाला नसून वेगाला आहे. अंगावर धावून येणाऱ्या जनावरासाठी मेंदूने एक दार उघडं ठेवलं असावं, असा त्याचा अर्थ लावता येतो.

दुसरी दुरुस्ती २०२५ सालची, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली. तिथल्या संशोधकांनी एकूण २५ हजारांहून अधिक लोकांना घेऊन प्रयोग केले. 'मला काही दिसलं नाही' म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं, बरं, दिसलं नाही ना, मग नुसता अंदाज करा, ते डावीकडे होतं की उजवीकडे, कुठल्या रंगाचं होतं? हे अंदाज नशिबाने येतील त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आले. म्हणजे मेंदूपर्यंत काहीतरी पोचलेलं असतं. पण ते इतकं फिकं असतं, की आपण 'हो, दिसलं' असं म्हणायला धजत नाही.

हे सगळं माझ्या प्रसंगाला लावून पाहू. मी काय शोधत होते? गाड्यांमधली मोकळी जागा. माझ्या मेंदूसाठी 'वाहन' म्हणजे चार चाकी, रुंद, दोन दिव्यांची वस्तू. मोटरसायकल त्या साच्यात बसत नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या पॅमर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली रस्त्याची चित्रं दाखवून केलेल्या प्रयोगात अनपेक्षित टॅक्सीपेक्षा अनपेक्षित मोटरसायकल नजरेतून सुटण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं.

आणि वेगाचं उघडं दार? तेही अशा वेळी बंद असतं. त्याचं कारण खाडीवर जुन्या धोवा चालवणाऱ्या कुठल्याही खलाशाला विचारा. दोन जहाजं सरळ रेषेत, आपापल्या कायम वेगाने जात असतील आणि दुसरं जहाज तुमच्या नजरेत एकाच दिशेला स्थिर राहत असेल, तर टक्कर होणार. जे नजरेत मागे-पुढे सरकतं ते निघून जातं. म्हणजे जे आपल्यावर आदळणार आहे तेच आपल्या नजरेत सर्वांत कमी हलतं, हळूहळू मोठं होतं इतकंच. आणि रस्त्यापलीकडचा इलेक्ट्रॉनिक फलक मात्र दर काही सेकंदांनी चित्र बदलतो, चमकतो, सरकतो. मेंदूच्या उघड्या दारातून तो सरळ आत शिरतो. मोटरसायकलवाला बाहेरच उभा.

एकवीस सप्टेंबर १९९५

आपल्या मंचावर या विषयाचा आणखी एक पैलू सांगायलाच हवा.

मी तेव्हा शाळेत होते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली, आणि त्याच दिवशी परदेशातल्या देवळांपर्यंत पोचली. आमच्या गल्लीतल्या देवळासमोरही रांग लागली. माझे बाबा इंजिनिअर. नास्तिक नव्हेत, पण चिकित्सक. ते रांगेत उभे राहिले, चमचा सोंडेला लावला आणि घरी येऊन म्हणाले, "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चमचा रिकामा झाला."

बाबा खोटं बोलत नव्हते. चमचा खरोखरच रिकामा होत होता. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकवला, की पृष्ठताणामुळे दूध काठावरून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ पापुद्र्यासारखं खाली ओघळतं. हा ओघळ समोरच होता. पण सगळ्यांची नजर चमच्याच्या काठावर खिळलेली, कारण 'चमत्कार' तिथे घडणार होता. शिवाय दूध पांढरं आणि कित्येक ठिकाणी मूर्तीही पांढरी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या वैज्ञानिकांनी दिल्लीतल्या एका देवळात जाऊन दुधात रंग मिसळला, आणि ओघळ सगळ्यांना दिसला. नवीन काहीच घडलं नव्हतं. जे घडत होतं तेच नजरेत भरेल असं केलं, एवढंच.

आपल्या भाषेत 'नजरबंदी' हा फार नेमका शब्द आहे. जादूगार डोळे बांधत नाही, नजर बांधतो. उजव्या हाताची मोठी हालचाल तुमचं लक्ष घेऊन जाते आणि डावा हात आपलं काम उरकतो. जादूगार हे कबूल करतो, म्हणून तो कलावंत. बुवा कबूल करत नाही, म्हणून तो लबाड. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं करतात ती याचसाठी. आधी करून दाखवायचं, मग तेच संथपणे, कुठे पाहायचं ते सांगून, पुन्हा दाखवायचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला.

या पद्धतीतला शहाणपणा मला प्रयोगशाळेत काम करायला लागल्यावर कळला. फसलेल्या माणसाला मूर्ख ठरवून काही होत नाही. तो मूर्ख नसतोच. त्याची नजर, तुमच्या-माझ्यासारखीच, चार दाण्यांची आहे. त्याला दुसरीकडे पाहायला जागा करून द्यावी लागते. बाबांना मी कॉलेजात गेल्यावर रंगीत पाण्याने हा प्रयोग करून दाखवला. ते बराच वेळ ओघळाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे तिथेच होतं होय!"

मग आपण काय करायचं?

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच सांगून ठेवलं, की माहिती मुबलक झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, कारण माहिती लक्षच खाते. आज लक्ष हा विकाऊ माल आहे. शहरातला फलक असो की खिशातला फोन, दोघांना माहीत आहे की बदलणारं, हलणारं चित्र आपल्याला टाळता येत नाही. आपलं मन दुबळं आहे म्हणून हे होत नाही, मेंदूची रचनाच तशी आहे. पण याची किंमत फलकवाला भरत नाही. ती रस्त्यावर भरली जाते. अमेरिकेत १०० मोटारींत कॅमेरे बसवून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून जास्त हटली, तर अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो. ताशी ८० किलोमीटर वेगात दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर जाते.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपण इथून सुटतो तेव्हा भारतात दीड तास पुढे असतं. साडेसहाला गाडीत बसलो की तिथे आठ वाजलेले असतात. आईबाबांची जेवणं व्हायची असतात, फोन करायला अगदी सोयीची वेळ. हातात फोन धरला तर इथे ८०० दिरहम दंड आणि चार काळे गुण, म्हणून आपण हँड्सफ्री लावतो आणि निर्धास्त होतो. कायद्याच्या दृष्टीने ठीक आहे. पण युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ साली दाखवलं, की फोनवर बोलताना लोकांकडून सिग्नल सुटण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं, आणि फोन हातात आहे की हँड्सफ्री याने त्यात फरक पडत नाही. दोन वर्षांनी त्याच गटाने पाहिलं, की बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडलेली असते, पण नंतर विचारलं तर त्यांना ते ओळखता येत नाहीत. अडचण हाताची नाही, अवधानाची आहे. शेजारी बसलेला माणूस रस्ता बघत असतो, वाहतूक वाढली की आपोआप गप्प होतो. आईला पुण्यात बसून ते कळणार कसं? मी आता गाडी लावल्यावर फोन करते. आई आधी कुरकुरली. कारण सांगितल्यावर तीच विचारते, "गाडी थांबवलीस ना?"

दुसरी गोष्ट, शोधायचं काय ते मनाशी ठरवणं. जे शोधतो ते दिसतं, हा या सगळ्या प्रयोगांचा आशादायक भाग आहे. वळणावर मी आता तोंडाने 'दुचाकी, दुचाकी' असं पुटपुटते. नवरा हसतो, हसू दे. पाहून झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा पाहते. आणि मान थोडी पुढे-मागे करते, म्हणजे गाडीच्या खांबाआड लपलेलं काही असेल तर दिसतं.

तिसरी गोष्ट धोरणाची आहे. आपल्यातले काही जण बांधकाम, वाहतूक, सुरक्षा या क्षेत्रांत अधिकारपदांवर आहेत, म्हणून मुद्दाम सांगते. भडक जाकीट दिलं की सुरक्षेची जबाबदारी संपली, असं नाही. रात्रीच्या वेळी चमकणाऱ्या पट्ट्या फक्त छातीवर असण्यापेक्षा गुडघे, घोटे, मनगटं अशा हलणाऱ्या सांध्यांवर असतील तर माणूस पुष्कळ लांबून 'माणूस' म्हणून ओळखू येतो, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. तसंच पादचाऱ्याला चुकीच्या जागी रस्ता ओलांडल्याबद्दल ४०० दिरहम दंड आहे. नियम हवा, यात वाद नाही. पण ओलांडायची योग्य जागा किती लांब आहे, तिथे फलकांची गर्दी किती आहे, गाड्यांचा वेग किती आहे, हे प्रश्न दंडाने सुटत नाहीत. 'लक्ष द्या' अशी पाटी लावणं सोपं असतं. चार दाण्यांच्या अवधानाला पेलेल असा रस्ता बांधणं अवघड, पण जीव वाचतात ते त्यानेच.

शेवटी एक इशारा. 'आपल्याला कामगार दिसत नाहीत' असं वाक्य इथे टाळ्या घेईल. पडद्यावरच्या लाल क्रुसावरून समाजाबद्दल असा निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही, आणि मी तो काढणार नाही. पण एवढं खात्रीने सांगता येतं, की नजरेला सवय असते, अपेक्षा असते, आणि ती आपल्या रोजच्या जगण्यातून घडते. सायकली जिथे जास्त, तिथे दर सायकलस्वारामागे अपघात कमी, असं २००३ साली जेकबसन यांनी बऱ्याच शहरांच्या आकडेवारीवरून मांडलं. त्याचं एक संभाव्य कारण असं, की तिथले मोटारवाले सायकलची वाट पाहत असतात, कित्येक जण स्वतः सायकल चालवत असतात. त्या संध्याकाळपर्यंत मोटरसायकलवर जेवण आणणारा माणूस मला फक्त दाराच्या बाहेर भेटत होता, तोही अर्धा मिनिट. रस्त्यावर मी त्याची वाट पाहत नव्हते.

मी काच खाली करून त्याची माफी मागितली. "मी पाहिलं होतं, पण..." असं माझ्या तोंडी आलं होतं, ते गिळलं. कारण त्याच्या दृष्टीने 'पण'ला काही अर्थ नव्हता. त्याने पेटीचं झाकण तपासलं, उशीर झाला म्हणून घड्याळ पाहिलं आणि निघून गेला. 'मी पाहिलं होतं' हे आपल्याला पुरावा वाटतं. ते फार तर सुरुवातीचं विधान आहे. शास्त्रात ते तपासून घेतात. वळणावरही घ्यावं.

एवढं बोलून थांबते. जाताना रस्ता ओलांडाल, गाडी काढाल, तेव्हा दोनदा पाहा.